‘अॅडमिशन रद्द’? मग ते लेखी द्या!

प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजच्या ऑफिसबाहेर लागणाऱ्या लांब रांगेचे फोटो आपण दरवर्षी पाहतो. त्याच ऑफिसच्या दुसऱ्या खिडकीवर आणखी काही मुलं उभी असतात. त्यांची अॅडमिशन झालेली असते, फी भरलेली असते, काहींनी तर हॉस्टेलचं डिपॉझिटही दिलेलं असतं. आणि आता खिडकीच्या आतून कोणीतरी सांगत असतं, ‘तुझं नाव पोर्टलवरून गेलंय, अॅडमिशन कॅन्सल झालीय.’ का गेलं? तर ‘वरून आलंय.’ वरून म्हणजे कुठून, कोणाच्या सहीने, कोणत्या नियमाखाली, हे काही कळत नाही. मुलगा घरी फोन करतो, वडील गावातल्या ओळखीच्या माणसाला फोन करतात, तो माणूस संस्थेच्या कोणालातरी सांगतो म्हणतो. या फोनाफोनीत चार दिवस जातात. आणि प्रवेशाच्या कॅलेंडरमध्ये चार दिवस म्हणजे अख्खी एक फेरी असते.

म्हणून आज याच चार दिवसांबद्दल बोलू. अॅडमिशन रद्द झाल्यावर कायदा तुमच्या बाजूने उभा राहू शकतो, अनेकदा राहिलाही आहे. पण त्याला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे कागद, दुसरी म्हणजे वेळ. ओळखीचा माणूस या दोन्हींची जागा घेऊ शकत नाही.

कागदापासून सुरुवात करू. तोंडी ‘रद्द’ला कोर्टात आव्हान देणं अवघड असतं, कारण आव्हान द्यायला समोर आदेशच नसतो. नैसर्गिक न्यायाचं तत्त्व सांगतं की, कोणाचं नुकसान करणारा निर्णय घेण्याआधी त्याला कारण कळवा आणि त्याचं म्हणणं ऐका. सरकारी कॉलेज, अनुदानित कॉलेज, विद्यापीठ, सीईटी सेल यांना हे बंधन आहेच. त्यामुळे पहिल्याच दिवशी एक साधा अर्ज द्यायचा: माझा प्रवेश कोणत्या कारणाने, कोणत्या नियमानुसार आणि कोणाच्या आदेशाने रद्द केला ते लेखी कळवावं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. ऑफिसने अर्ज घेतलाच नाही तर प्राचार्यांच्या आणि विद्यापीठाच्या अधिकृत पत्त्यावर ईमेल करा: ‘आज अमुक तारखेला, अमुक वाजता, मला ऑफिसमध्ये तोंडी असं सांगण्यात आलं.’ सोबत स्पीड पोस्टही टाका. उत्तर आलं तर आदेश हातात येतो. नाही आलं तर ‘कारण विचारूनही दिलं नाही’ हाच तुमच्या याचिकेतला पहिला मुद्दा होतो. अॅलॉटमेंट लेटर, फीची पावती, पोर्टलवरच्या स्टेटसचे स्क्रीनशॉट, आलेले एसएमएस, सगळं त्याच दिवशी जपून ठेवा. पोर्टलवरचं स्टेटस उद्या बदललेलं असू शकतं.

आणि एक सही करायची नाही. हे ठळक अक्षरात छापायला हवं. अनेक ठिकाणी काय होतं, विद्यार्थ्यापुढे एक छापील फॉर्म सरकवला जातो. ‘इथे सही कर, फी लगेच परत मिळेल, टीसी पण मिळेल.’ तो फॉर्म असतो स्वेच्छेने प्रवेश रद्द करण्याचा. त्यावर सही झाली की कागदोपत्री कॉलेजने काहीच केलेलं नसतं, तुम्हीच जागा सोडलेली असते. मग भांडण उरतं ते फक्त फीच्या परताव्याचं. मूळ कागदपत्रांची गरज असेल तर ती जरूर मागा, पण अर्जात लिहा की मी प्रवेश सोडत नसून माझे हक्क राखून कागदपत्रं घेत आहे. तसंही मूळ प्रमाणपत्रं तपासून विद्यार्थ्याला परत द्यायची, ती अडवून ठेवायची नाहीत, असं यूजीसीने २०१८च्या अधिसूचनेत स्पष्ट सांगितलेलं आहे.

आता खरा प्रश्न, चूक कोणाची? कोर्टात सगळ्यात आधी हेच पाहिलं जातं.

समजा, तुम्ही फॉर्ममध्ये सगळं खरं भरलं, मार्कशीट जोडली, कॉलेजने तपासून प्रवेश दिला, आणि सहा महिन्यांनी विद्यापीठ म्हणतं की तुम्ही पात्रच नव्हता. खासगी विनाअनुदानित इंजिनीअरिंग, फार्मसी, मॅनेजमेंटच्या कॉलेजांत हे जास्त दिसतं. तिथले प्रवेश राज्याच्या २०१५च्या कायद्यानुसार प्रवेश नियामक प्राधिकरणाच्या मान्यतेसाठी जातात. संस्था स्तरावरच्या जागेवर कॉलेजने घाईत प्रवेश दिलेला असतो आणि मान्यतेच्या वेळी तो अडकतो. अशा वेळी १९७५चा श्रीकृष्ण विरुद्ध कुरुक्षेत्र विद्यापीठ हा निकाल आजही वकिलांच्या हातात असतो. सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा म्हटलं की, फॉर्म तपासायला विद्यापीठाला पुरेसा वेळ होता आणि विद्यार्थ्याने फसवलेलं नव्हतं. मग परीक्षेला बसू दिल्यावर मागाहून त्याची उमेदवारी काढून घेता येणार नाही. १९९०मध्ये ओडिशाच्या बेहरामपूर विद्यापीठाच्या प्रकरणात लॉच्या विद्यार्थ्याला याच तर्काने दिलासा मिळाला. त्याआधी १९८६मध्ये कर्नाटकातल्या खासगी इंजिनीअरिंग कॉलेजांनी अपात्र विद्यार्थ्यांना प्रवेश दिले होते. दोष कॉलेजांचा आहे, मुलांचा नाही, असं म्हणून कोर्टाने त्या मुलांना शिक्षण पुरं करू दिलं.

पण या निकालांवर भार टाकून झोपी जाऊ नका. २००८मध्ये केरळच्या महात्मा गांधी विद्यापीठाच्या प्रकरणात किमान टक्केवारीची अट पूर्ण न करणाऱ्या विद्यार्थ्याला कॉलेजने चुकून प्रवेश दिला होता. तिथे सर्वोच्च न्यायालयाने सहानुभूतीपोटी नियम वाकवायला नकार दिला. म्हणजे कॉलेज चुकलं एवढ्यावर भागत नाही. पात्रतेची मूळ अटच पुरी होत नसेल तर पाया कच्चा आहे, हे वकील आणि तुम्ही दोघांनीही आधी मान्य केलेलं बरं.

महाराष्ट्रात सगळ्यात जास्त जीव टांगणीला लागतात ते जात वैधता प्रमाणपत्रावरून. राखीव जागेवर अॅलॉटमेंट मिळते, वैधतेसाठी अर्ज केल्याची पावती असते, प्रमाणपत्र मात्र समितीकडे अडकलेलं असतं. मुदत संपली की जागा गेली, आणि नाव खुल्या प्रवर्गाच्या यादीत. सरकार अनेकदा मुदत वाढवतं, पण वाढवेलच याची खात्री नसते. इथे दोष विद्यार्थ्याचा किती आणि समितीचा किती, हे तारखांवरून ठरतं. अकरावी-बारावीतच अर्ज केलेल्या विद्यार्थ्याची बाजू मजबूत असते. सीईटीच्या निकालानंतर धावपळ करणाऱ्याची कमजोर. समितीने ठरावीक दिवसांत निर्णय द्यावा, असा आदेश मागण्यासाठी दरवर्षी अनेक विद्यार्थी उच्च न्यायालयात जातात आणि असे आदेश मिळतातही. पण ही याचिका मुदत संपायच्या आधी करायची असते. मुदत गेल्यावर तीच याचिका फार वेगळी, फार अवघड होते.

आणि दावाच खोटा निघाला तर? तिथे कायदा कठोर आहे. २०१७मध्ये जगदीश बहिरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, जातीचा दावा अवैध ठरला तर त्यावर मिळालेला प्रवेश आणि नोकरी यांना संरक्षण नाही. मे २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मात्र एका वेगळ्या प्रकरणात मधली वाट काढली. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र चुकीच्या माहितीवर काढल्यामुळे एका विद्यार्थिनीचा एमबीबीएसचा प्रवेश रद्द झाला होता. कोर्टाच्याच अंतरिम आदेशावर ती शिकली, डॉक्टर झाली. प्रवेश रद्द करणं बरोबर होतं असं सांगूनही कोर्टाने तिची पदवी कायम ठेवली. देशात डॉक्टर कमी आहेत, पदवी काढून घेणं हे राष्ट्राचं नुकसान ठरेल, असं त्यामागचं कारण होतं. खुल्या प्रवर्गाची फी आणि वर ५० हजार रुपये तिला भरावे लागले. या निकालावर दुमत होऊ शकतं. आमच्या मते तो अपवाद म्हणूनच वाचावा. आपल्या बाबतीतही असंच होईल, या भरवशावर कोणी प्रमाणपत्र काढू नये.

आता दारं कोणती ते पाहू. पहिलं दार कॉलेजातच आहे, फक्त त्यावर पाटी नसते. यूजीसीच्या २०२३च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती असणं बंधनकारक आहे. तिच्यात किमान एक महिला आणि अनुसूचित जाती, जमाती किंवा ओबीसीतला किमान एक सदस्य असायला हवा. प्रवेशातला घोळ, कागदपत्रं अडवणं, जादा पैसे मागणं या सगळ्या तक्रारी तिथे चालतात. समितीने कामकाजाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा, समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करायचं आणि लोकपालाने ३० दिवसांत निर्णय देण्याचा प्रयत्न करायचा. लोकपाल म्हणजे निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश. तुमच्या विद्यापीठाचा लोकपाल कोण, हे वेबसाइटवर असायला हवं. एकदा शोधून बघाच, सापडायला किती क्लिक लागतात ते.

पण गणित करा. १५ अधिक १५ अधिक ३०, म्हणजे दोन महिने. कॅपच्या एका फेरीत रिपोर्टिंगला मिळतात मोजके दिवस. तक्रारीचं घड्याळ आणि प्रवेशाचं घड्याळ यांचा मेळच नाही. त्यामुळे अंतर्गत तक्रार जरूर करा, तीही त्याच दिवशी. ‘आधी तिकडे का गेला नाहीत?’ असं न्यायमूर्ती विचारतात तेव्हा ती तक्रार उपयोगी पडते. तिच्या उत्तराची वाट पाहत मात्र बसू नका. पर्यायी दाद उपलब्ध आहे म्हणून उच्च न्यायालयाचं दार कायमचं बंद होत नाही. बाजू न ऐकता निर्णय झाला असेल तर तर नाहीच नाही.

ते मुख्य दार म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद २२६खालची रिट याचिका. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, पणजी आणि २०२५पासून कोल्हापूर, यांपैकी आपलं कॉलेज ज्या भागात येतं तिथे ती दाखल करायची. कॉलेज खासगी असलं तरी बिचकायचं कारण नाही. १९८९च्या अंदी मुक्ता ट्रस्टच्या निकालापासून हे मान्य झालं आहे की, सार्वजनिक कर्तव्य बजावणाऱ्या खासगी संस्थेविरुद्धही रिट चालू शकते. विद्यापीठाशी संलग्न कॉलेज प्रवेश देतं तेव्हा ते सार्वजनिक नियमांनुसारच देत असतं. खासगी विद्यापीठाने आपली ऑफर मागे घेतली तर मुद्दा थोडा गुंतागुंतीचा होतो. तिथे करारभंगाचा युक्तिवादही येतो: तुम्ही ऑफर दिली, मी फी भरून स्वीकारली, आता माघार घेता येणार नाही. पण करारभंगाचा दिवाणी दावा नुकसानभरपाई मिळवून देईल, तोही काही वर्षांनी. या वर्षीची जागा त्यातून परत मिळण्याची आशा फार कमी.

याचिकेत काय मागायचं, हे वकिलाला नीट विचारा. रद्द करण्याचा आदेश बाजूला सारा, ही झाली अंतिम मागणी. पण खरी लढाई अंतरिम मागणीची असते: निकाल लागेपर्यंत एक जागा रिकामी ठेवा, किंवा मला तात्पुरतं वर्गात बसू द्या. कारण जागा रिकामी झाली की पुढच्या फेरीत ती दुसऱ्या कोणाला तरी मिळते. त्या मुलीचा किंवा मुलाचा काहीच गुन्हा नसतो. मग कोर्टासमोर पेच पडतो, एकाला न्याय देताना दुसऱ्याला बाहेर काढायचं का? बहुतेक वेळा कोर्ट तसं करत नाही. त्याला याचिकेत प्रतिवादीही करावं लागतं. दोन आठवडे उशीर झाल्याने भक्कम केस लंगडी पडते ती याच वळणावर.

१३ डिसेंबर २०१९च्या कृष्णा श्रद्धा विरुद्ध आंध्र प्रदेश या निकालात सर्वोच्च न्यायालयाने यावर थोडी वाट दाखवली. प्रकरण एमबीबीएसचं होतं. विद्यार्थ्याची काहीही चूक नाही, त्याने वेळ न दवडता दाद मागितली आणि दोष यंत्रणेचा आहे, असं असेल तर शेवटची तारीख उलटल्यावरही महिन्याभरात प्रवेश देता येतो, गरज पडल्यास जागा वाढवूनही. तेही शक्य नसेल तर पुढच्या वर्षी जागा आणि शिवाय नुकसानभरपाई. या तिन्ही अटींत ‘वेळ न दवडता’ ही अट तुमच्या हातात आहे.

आयआयटीच्या दोन प्रकरणांच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. २०२१मध्ये एका दलित विद्यार्थ्याला कार्डाच्या तांत्रिक अडचणीमुळे वेळेत फी भरता आली नाही आणि आयआयटी मुंबईतली जागा गेली. मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली, सर्वोच्च न्यायालयाने जागा द्यायला लावली. २०२४मध्ये उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगरच्या एका मजुराच्या मुलाला १७,५०० रुपये जमवायला वेळ लागला, २४ जूनच्या संध्याकाळी ५ची मुदत काही मिनिटांनी हुकली आणि आयआयटी धनबाद हातची गेली. तो अनुसूचित जाती आयोगाकडे गेला, झारखंडच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे गेला, मद्रास उच्च न्यायालयात गेला आणि शेवटी ३० सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यासाठी जादा जागा निर्माण केली. कोणालाही बाहेर न काढता. बातमी वाचून सगळ्यांनाच बरं वाटलं. पण हे दोन्ही आदेश अनुच्छेद १४२च्या खास अधिकारातून आले. तो अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे, उच्च न्यायालयाला नाही. आणि एका मुलाला १७,५०० रुपयांसाठी चार-चार ठिकाणी दाद मागत तीन महिने फिरावं लागलं, याला व्यवस्थेचं यश म्हणायचं का, हा प्रश्न उरतोच.

महाराष्ट्रातलंही एक उदाहरण आहे. २०२४मध्ये वाचा-भाषेचं अपंगत्व असलेल्या एका विद्यार्थ्याला, अपंगत्वाची टक्केवारी ४०च्या वर आहे एवढ्याच कारणाने एमबीबीएससाठी अपात्र ठरवलं. उच्च न्यायालयाने पुढची तारीख दिली, तोवर प्रवेश संपण्याची भीती. तो तारखेची वाट न पाहता सर्वोच्च न्यायालयात गेला, नव्या वैद्यकीय मंडळाने तो शिकू शकतो असं सांगितलं आणि त्याला प्रवेश मिळाला. नुसत्या टक्केवारीवरून कोणाला अपात्र ठरवू नका, तो विद्यार्थी अभ्यासक्रम पुरा करू शकतो का ते मंडळाने पाहावं, असा दंडक या निकालाने १५ ऑक्टोबर २०२४ला घालून दिला.

ग्राहक मंचाचं काय, असं नेहमी विचारलं जातं. सध्या त्यावर विसंबू नका. शैक्षणिक संस्था ग्राहक कायद्याखाली येत नाहीत, असं राष्ट्रीय आयोगाने जानेवारी २०२०मध्ये ठरवलं. त्याविरोधातलं अपील सर्वोच्च न्यायालयात दाखल झालं आहे. कोचिंग क्लासची गोष्ट वेगळी, तिथे ग्राहक आयोग उपयोगी पडतो. कॉलेजने फी अडवली असेल तर यूजीसीचं फी परताव्याचं धोरण दाखवा. २०२४-२५साठी ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश सोडणाऱ्याला पूर्ण फी आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त एक हजार रुपये कापून फी परत, असं परिपत्रक होतं. तारखा दरवर्षी बदलतात, चालू वर्षाचं परिपत्रक पाहा. जिथे कॉलेजनेच प्रवेश रद्द केला तिथे तर एक रुपयाही कापायला तोंड नाही.

‘पण वकिलाला द्यायला पैसे कुठून आणायचे?’ विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ साली झाला, तरी कॅम्पसवर फार थोड्यांना ठाऊक आहे. त्यानुसार मुली, अनुसूचित जाती-जमातीचे विद्यार्थी आणि अपंग विद्यार्थी यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मुलगी असाल तर वडिलांचा पगार किती, हा प्रश्नच येत नाही. बाकीच्यांसाठी उत्पन्न मर्यादा आहे. जिल्हा न्यायालयात आणि उच्च न्यायालयात याची कार्यालयं आहेत, १५१०० हा हेल्पलाइन क्रमांक आहे. वय १८च्या आत असेल तर याचिका पालकांमार्फत करावी लागते. माहिती अधिकाराचा अर्जही करून ठेवा, पण उत्तराला ३० दिवस असतात, त्यामुळे तो पुढच्या सुनावणीसाठी, आजच्या तातडीसाठी नाही.

लढा चालू असताना पुढच्या फेरीत दुसरी जागा मिळत असेल तर घ्यावी का? घ्यावी, पण वकिलाला विचारून आणि मूळ जागेवरचा हक्क सोडत नसल्याचं लेखी कळवून. वर्ष वाया घालवण्यात काही पराक्रम नाही.

हे सगळं विद्यार्थ्याने १८व्या वर्षी, आठवड्याभरात, एकट्याने करायचं, ही अपेक्षाच मुळात अन्यायाची आहे. त्यामुळे मागणी सीईटी सेलकडे आणि विद्यापीठांकडे करायला हवी. कोणताही प्रवेश कारण लिहिलेल्या नोटिशीशिवाय रद्द करू नये. नोटीस विद्यार्थ्याच्या लॉगिनमध्ये आणि मोबाइलवर यावी, उत्तराला किमान तीन दिवस मिळावेत. आणि त्या तीन दिवसांत ती जागा पुढच्या फेरीच्या यादीत टाकू नये. यासाठी नवा कायदा लागत नाही. प्रवेशाचं सगळं काम पोर्टलवर चालतं. जागा ‘रिक्त’ दाखवण्याआधी तीन दिवस ‘सुनावणी प्रलंबित’ दाखवणं ही सॉफ्टवेअरमधली एक ओळ आहे. पुढच्या वर्षीची माहितीपुस्तिका अजून तयार व्हायची आहे. विद्यार्थी संघटनांनी फी आणि वसतिगृहाच्या निवेदनांत हा एक मुद्दाही घालावा, आणि निवेदनाच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यायला विसरू नये.